अटेनमेंट २.२ म्हणजे नेमकं काय? एका असेसमेंट प्लॅनची चिरफाड

एक काम करा. तुम्ही जिथे बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. केलंत त्या महाविद्यालयाची वेबसाईट उघडा, नॅक किंवा आयक्यूएसीच्या पानावर जा आणि क्रायटेरिया दोनमधला २.६ हा भाग शोधा. बहुतेक ठिकाणी तिथे एक पीडीएफ सापडेल. तीत प्रत्येक विषयाचे पाच-सहा सीओ, म्हणजे कोर्स आउटकम्स, लिहिलेले असतात. मग पीओ, म्हणजे सगळी पदवी संपल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं ते. त्यानंतर एक लांबलचक तक्ता, ज्याच्या चौकटींत १, २, ३ असे आकडे असतात. आणि अगदी शेवटी 'अटेनमेंट' नावाचा रकाना: २.२, १.८, २.४. शेजारी लिहिलेलं, 'टार्गेट अचीव्ह्ड'.

ही पीडीएफ तुमच्याबद्दल आहे. तुम्ही आणि तुमचे वर्गमित्र काय शिकलात, याचं ते अधिकृत मोजमाप आहे. आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी ती आजवर उघडून पाहिलेली नसणार.

पेटच्या मुलाखतीची तयारी करणारी मंडळी मला अधूनमधून विचारतात, की 'विद्यार्थी मूल्यमापन योजनेची अंमलबजावणी' असा काहीतरी विषय घेऊन प्रपोजल लिहिलं तर चालेल का? चालेल की. पण त्याआधी ही योजना प्रत्यक्षात कशी राबवली जाते आणि त्या २.२ च्या पोटात काय दडलंय, हे एकदा आकड्यांनिशी पाहून घ्या. मी शिक्षणशास्त्राची नाही. माझं काम पातळ फिल्म्सवर चालतं, भट्टीत आणि मोजमापाच्या यंत्रांवर. पण मोजमाप म्हटलं की प्रश्न तेच असतात: काय मोजतोय, कशाने मोजतोय, आणि यंत्र बदललं तर आकडा बदलतो का?

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण ती कुठल्याही पुस्तकात मिळेल. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांची शैक्षणिक उद्दिष्टांची वर्गवारी १९५६ ची. अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ती २००१ मध्ये सुधारली, आणि 'आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण...' ही शिडी तिथून आली. अमेरिकेत विल्यम स्पेडी यांनी 'आउटकम-बेस्ड एज्युकेशन' हा शब्द रुळवला. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा पूर्ण सदस्य झाला आणि अभियांत्रिकीत एनबीएमार्फत ही पद्धत पक्की झाली. नॅकमुळे आणि यूजीसीच्या आउटकम-आधारित अभ्यासक्रम आराखड्यांमुळे ती विज्ञान, कला, वाणिज्य सगळीकडे आली. मूळ कल्पना चांगलीच आहे. शिक्षकाने काय शिकवलं यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता यायला लागलं ते बघा, आणि नसेल येत तर शिकवणं बदला. याला विरोध कोण करेल?

भानगड सुरू होते ती आकडा काढताना.

सर्वसाधारण पद्धत अशी. एक किमान पातळी ठरवायची, समजा १०० पैकी ४० गुण. त्यापेक्षा जास्त गुण मिळवणारे ६० टक्के असतील तर लेव्हल १, ७० टक्के असतील तर लेव्हल २, ८० टक्के असतील तर लेव्हल ३. महाविद्यालयागणिक हे टक्के थोडे खाली-वर होतात, पण साचा हाच. आता ६० जणांचा वर्ग घ्या. ७० टक्के म्हणजे ४२ जण. ४२ जण पातळीच्या वर असले तर लेव्हल २, ४१ असले तर लेव्हल १. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या एका गुणाने वर्गाचं 'शिकणं' दुप्पट किंवा निम्मं होऊ शकतं.

हे अजून ताणून पाहू. कागद-पेन घ्या. 'अ' तुकडीत ४२ जणांना प्रत्येकी ४१ गुण आणि उरलेल्या १८ जणांना प्रत्येकी १० गुण. सरासरी ३१.७. 'ब' तुकडीत ४१ जणांना प्रत्येकी ९० गुण आणि १९ जणांना प्रत्येकी ३९ गुण. सरासरी ७३.८५. कुठली तुकडी जास्त शिकली? पीडीएफ म्हणते 'अ'. 'अ' लेव्हल २ वर, 'ब' लेव्हल १ वर. उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतलंय, मान्य. पण चांगल्या मोजपट्टीला टोकाच्या उदाहरणातही हत्ती आणि उंदीर यांत फरक कळायला हवा.

पुढची गोष्ट संलग्न महाविद्यालयांची आहे, आणि माझ्या मते संपूर्ण योजनेतलं सगळ्यात मोठं भगदाड इथेच आहे. सीओनुसार अटेनमेंट काढायचं तर प्रत्येक प्रश्नाचे गुण वेगळे लागतात. प्रश्न १ हा सीओ१ चा, प्रश्न २ हा सीओ२ चा, असं. अंतर्गत परीक्षेत ते शक्य आहे, कारण पेपर शिक्षकाच्याच हातात असतो. पण विद्यापीठाच्या परीक्षेचा निकाल महाविद्यालयाकडे येतो तो विषयाच्या एकूण गुणांचा. कुणाला कुठल्या प्रश्नात किती मिळाले, हे साधारणपणे महाविद्यालयाला कळतच नाही. मग करतात काय? विद्यापीठ परीक्षेतून निघालेली एकच लेव्हल सगळ्या सीओंना सरसकट चिकटवतात. आणि या सरसकट आकड्याला वजन असतं ८० टक्के (कुठे ७०, कुठे ६०), तर अंतर्गतला २०.

याचा परिणाम काय होतो ते बघा. समजा पाच सीओ आहेत आणि अंतर्गत परीक्षेत त्यांच्या लेव्हल्स निघाल्या ३, १, ३, २, १. म्हणजे शिक्षकाला स्पष्ट दिसलं, की दुसऱ्या आणि पाचव्या गोष्टीत वर्ग कच्चा आहे. विद्यापीठाची लेव्हल सगळ्यांना २. आता ८०-२० ने गोळा करा. सीओ१ चं अटेनमेंट २.२. सीओ२ चं १.८. जिथे तीन आणि एक एवढा फरक होता तिथे उरला ०.४. टार्गेट १.८ ठेवलं असेल तर पाचही सीओ 'अचीव्ह्ड'. जी माहिती कामाची होती, म्हणजे वर्गाला नेमकं काय येत नाही, ती सूत्रानेच पुसून टाकली. प्रयोगशाळेत असा डिटेक्टर कुणी लावला तर गाईड तो त्याच दिवशी उचलून ठेवायला सांगतील.

त्यानंतर हे सीओ पीओंशी जोडतात. चौकटीत १ म्हणजे संबंध थोडा, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे घट्ट. हे आकडे कोण ठरवतं? कागदोपत्री विभागाची बैठक. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो विषय ज्यांच्या वाट्याला आला ते सर किंवा मॅडम, आणि फाईल द्यायच्या आदल्या संध्याकाळी. मग या १-२-३ ने गुणाकार, भागाकार, सरासरी, आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत. एस. एस. स्टीव्हन्स यांचा मापनश्रेणींवरचा १९४६ चा लेख तुम्ही नेटच्या पेपर एकसाठी नावापुरता तरी वाचला असेल: नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल, रेशो. 'थोडा, मध्यम, घट्ट' हा ऑर्डिनल प्रकार आहे. क्रम कळतो, अंतर कळत नाही. 'थोडा' आणि 'मध्यम' यांतलं अंतर 'मध्यम' आणि 'घट्ट' यांच्यातल्या अंतराएवढंच आहे, असं गृहीत धरल्याशिवाय त्यांची सरासरी काढता येत नाही. ते गृहीतक पीडीएफमध्ये लिहिलेलं असतं का? शोधून बघा.

पण समजा, सूत्र सुधारलं. प्रश्ननिहाय गुण मिळाले, लेव्हल्स काढून टाकल्या, मॅपिंगही नीट बसून केलं. तरी खरा प्रश्न उरतोच: त्या प्रश्नाने काय मोजलं?

फिजिक्समधलं उदाहरण देते, कारण या बाबतीत आमच्या विषयाने स्वतःला बरंच तपासून घेतलंय. १९९२ मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची चाचणी प्रसिद्ध केली. न्यूटनचे नियम, बल, गती यांवरचे बहुपर्यायी प्रश्न. आकडेमोड नाही, साधी भाषा, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या मनात खरोखर असणाऱ्या समजुतींवरून घेतलेले. उदाहरणार्थ, अवजड ट्रक आणि छोटी गाडी यांची टक्कर झाली तर कोणावर जास्त बल लागतं? तिसरा नियम शब्दशः लिहून पूर्ण गुण घेणारी मुलंही इथे 'छोट्या गाडीवर' म्हणून मोकळी होतात. हार्वर्डचे एरिक माझुर यांनी ही चाचणी आपल्या वर्गात दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मला खरंच वाटतं त्याप्रमाणे? पुढे त्यांनी विद्युतमंडलांवर एकाच पेपरात दोन तऱ्हेचे प्रश्न दिले: एक किर्चॉफचे नियम लावून समीकरणं सोडवायचा, दुसरा बल्ब आणि स्विचचा, आकड्यांशिवाय. वरवर दुसरा सोपा. पण मुलांना पहिलाच जास्त चांगला जमला.

हे आपल्या पीडीएफशी जोडून बघा. 'न्यूटनचा तिसरा नियम सांगा आणि सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्न सीओ१ ला जोडलेला आहे, आणि सीओ१ म्हणतो 'विद्यार्थी गतीच्या नियमांचं विश्लेषण करू शकेल'. प्रश्नातलं क्रियापद 'स्पष्ट करा' ऐवजी 'विश्लेषण करा' केलं की ब्लूमच्या शिडीवर तो दोन पायऱ्या वर चढतो. उत्तर तेच राहतं, गाईडमधलं पाठ केलेलं. अशा क्रियापद-बदलाला अनेक ठिकाणी 'ओबीई अंमलबजावणी' म्हणतात.

दुसरी उणीव म्हणजे सुरुवातीचं मोजमाप. पीडीएफमध्ये फक्त शेवट आहे. विद्यार्थी आत येताना त्याला काय येत होतं, याची नोंद कुठेच नाही. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्सेस आणि ६५४२ विद्यार्थी यांची पूर्वचाचणी-उत्तरचाचणी आकडेवारी एकत्र केली तेव्हा एक साधं गुणोत्तर वापरलं: झालेली वाढ भागिले शक्य असलेली वाढ. वर्ग ३० वरून ६५ वर गेला तर ३५ भागिले ७०, म्हणजे ०.५. दुसरा वर्ग ७० वरून ८५ वर गेला तर १५ भागिले ३०, तेही ०.५. अटेनमेंटच्या रकान्यात दुसरा वर्ग सरळ वरचढ ठरेल, आणि ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात शून्यातून मुलं उभी करणाऱ्या शिक्षकाचं काम त्या रकान्यात दिसणारच नाही. हेक यांना नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांमध्ये हे गुणोत्तर सरासरी ०.२३ मिळालं, आणि जिथे मुलं वर्गातच प्रश्नांवर आपसात चर्चा करत, प्रयोग करत, लगेच प्रतिसाद मिळवत, तिथे ०.४८. या गुणोत्तरावरही आक्षेप आहेत, मुख्य म्हणजे मुळातच तयारीच्या वर्गांना ते झुकतं माप देतं. मुलाखतीत हे नाव घेतलंत तर आक्षेपही सांगा.

इथे थोडं थांबून शिक्षकांबद्दल बोलायला हवं, कारण या विषयावर लिहिणारे सगळं खापर त्यांच्या माथी फोडतात. ही फाईल भरणाऱ्यांत तासिका तत्त्वावर काम करणारे बरेच असतात. तासाचे पैसे मिळतात, एक्सेल शीटचे नाही. शिवाय, संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकाला समजा कळलं, की सीओ२ कच्चा आहे. तो काय बदलू शकतो? अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवतं. पेपर विद्यापीठ काढतं. सेमिस्टर परीक्षांच्या वेळापत्रकात अडकलेली असते. म्हणून 'ॲक्शन टेकन'च्या रकान्यात काय दिसतं? जादा तास, रेमेडियल, एक पाहुण्यांचं व्याख्यान. दरवर्षी तेच. मोजणारा एकीकडे आणि बदलण्याचे अधिकार दुसरीकडे, अशी ही रचना आहे. स्वायत्त महाविद्यालयांना ही सबब नाही. त्यांच्या पीडीएफ वाचताना मी जास्त कडक असते.

आणि विद्यार्थी? अप्रत्यक्ष अटेनमेंटसाठी एक्झिट सर्व्हे घेतात. मी एम.एस्सी. केलं तिथे तो फॉर्म नो-ड्यूजच्या सहीसोबत मिळायचा. लायब्ररी, प्रयोगशाळा, जिमखाना आणि हा फॉर्म. 'संशोधनाची क्षमता विकसित झाली' यासमोर सगळ्यांनी ५ लिहिलं, कारण ऑफिसची खिडकी एक वाजता बंद व्हायची. त्याच बॅचमधल्या कित्येकांना आलेखावर एरर बार का काढतात ते सांगता आलं नसतं. कारण दोन वर्षांत एकाही पेपरात ते विचारलं गेलं नव्हतं. तिकडे पीओच्या रकान्यात संशोधनवृत्ती भरघोस 'साध्य' झाली. जी मुलं पुढे पीएच.डी.ला आली त्यांनी पहिलं वर्ष हे सगळं नव्याने शिकण्यात घालवलं, आणि आपल्यातच काही कमी आहे असं मानत घालवलं. या फाईलींची किंमत मला तिथे दिसते.

मग हे सगळं फेकून द्यायचं का? नाही. त्या तक्त्याचा एक उपयोग आहे, आणि तो आकड्यांचा नाही, रिकाम्या चौकटींचा आहे. विभागातल्या सगळ्या विषयांचे तीन वर्षांचे पेपर समोर ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाला विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काय करावं लागतं, ते लिहा: आठवायचं, आकडे घालायचे, आलेख वाचायचा, चूक शोधायची, प्रयोग आखायचा. काही रकाने पूर्ण कोरे निघतील. त्या कोऱ्या रकान्यांवर कुठल्याही अटेनमेंटपेक्षा जास्त चर्चा व्हायला हवी, आणि त्यासाठी एक्सेलचं सूत्र लागत नाही.

अमेरिकेत या विषयावर २०१४ मध्ये कीस्टन फुल्चर आणि सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला, त्याचं शीर्षकच डुकराच्या वजनावरून आहे: वजन करा, खाऊ घाला, पुन्हा वजन करा. त्यांची तक्रार अशी, की संस्था मोजतात, अहवालात 'सुधारणा केली' असंही लिहितात, पण सुधारणेनंतर त्याच काट्यावर पुन्हा मोजून वाढ दाखवणारे फार थोडे. म्हणजे हे दुखणं आपल्याकडचंच नाही. तिकडे सोयी जास्त आहेत, काटेही चांगले आहेत, तरी खाऊ घालायचं राहतंच.

तेव्हा प्रपोजल लिहायचं असेल तर 'महाराष्ट्रातील महाविद्यालयांमधील ओबीईच्या अंमलबजावणीचा अभ्यास' असलं काही लिहू नका. तीनशे प्राध्यापकांना प्रश्नावली पाठवाल, 'ओबीई उपयुक्त आहे' याला ८० टक्के सहमती मिळेल, काय-वर्ग चाचणी लावाल, आणि कुणालाच काही कळणार नाही. एक विषय घ्या. एक सीओ घ्या. तो खरोखर तपासणारे चार-पाच प्रश्न तयार करा, सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी द्या. शिकवण्यात एकच गोष्ट बदला, आणि शक्य असेल तर दुसऱ्या तुकडीत ती बदलू नका. पॅनेलचा पहिला प्रश्न 'कंट्रोल ग्रुप कुठाय?' हाच असतो.

वर्ग हाताशी नसेल तर जुन्या प्रश्नपत्रिकांवर काम करा. त्या सहसा सहज मिळतात. पाच वर्षांचे पेपर, प्रत्येक प्रश्नाचं वर्गीकरण दोघांनी स्वतंत्रपणे करायचं आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने तपासायचं. आधी वीस-पंचवीस प्रश्नांवर करून बघा. पहिल्या फेरीत कप्पा कमी आला तर निराश होऊ नका, वर्गीकरणाच्या व्याख्या पुन्हा लिहा. उत्तरपत्रिका वापरणार असाल तर मात्र संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी आधी घ्या, आणि स्कॅन करण्यापूर्वी आसन क्रमांक झाका.